पंचगंगेच्या पातळीशेजारी दोन ओळी जागा मिळेल का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलेलं, की आजकाल चाळिशी ओलांडलेले बाप्ये पण पोरांसारखी खेळणी मागवत बसतात, दर दोन दिवसाला दारात कुरिअरवाला, आणि वाचायचं काय तर परग्रहावरच्या माणसांच्या गोष्टी. पत्रात कुणाचं नाव नव्हतं पण आमच्या गल्लीतल्या तिघांनी वेगवेगळ्या वेळी तो अंक आणून माझ्यासमोर धरला, म्हणजे काय समजायचं ते मी समजलो. उत्तर देणं भाग आहे, आणि शेवटी एक मागणी पण आहे, तेवढी वाचल्याशिवाय पत्र टाकून देऊ नका.

वय 47, मंगळवार पेठ, नोकरी हिशेबाची, दिवसभर जीएसटी आणि टॅली. बाकी सगळा नाद गॅजेटचा आणि विज्ञानकथांचा, हे मी कबूलच करतो. आता कोल्हापुरात नाद नसलेला माणूस दाखवा मला. कुणाला तालमीचा, कुणाला फुटबॉलचा, कुणाला पाडव्याला म्हशी सजवून पळवायचा. बाहेर याला गीक म्हणतात, आपल्याकडं नाद खुळा म्हणतात, आणि आपला शब्द जास्त बरोबर आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा नाद सुरू झाला करवीर नगर वाचन मंदिरात. सहावीत असेन. मोठ्यांच्या कपाटातलं एक पुस्तक काढलं, पानं सुटलेली, कुणीतरी दोऱ्यानं शिवलेलं, आणि त्यात माणूस अंतराळात जाऊन परत येतो तर इकडं त्याच्या ओळखीचे सगळे म्हातारे झालेले. त्या रात्री मला झोप नाही. मग कळलं की हे असलं लिहिणारे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर सर आपल्या कोल्हापुरातच जन्मले, 19 जुलै 1938 ला, आणि मी वर्गात सगळ्यांना सांगत सुटलो, जसं काय मीच त्यांचा भाचा. त्यांची एक गंमत मला अजून लई आवडते. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, कारण खऱ्या नावाचा वशिला नको. पहिला नंबर आला. एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि टोपणनावानं स्पर्धेत कथा घालतोय, ह्याला नाद नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? 2025 च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा मी ऑफिसात होतो, बाजूच्या टेबलवाल्याला सांगितलं, तो म्हणाला कोण नातेवाईक काय? मी हो म्हटलं आणि गप्प बसलो.

असो. खेळण्यांचं बोलू.

माझ्याकडं एक ड्रॉवर आहे. त्यात जगातल्या सगळ्या प्रकारच्या पिना आहेत, जाड, बारीक, चपट्या, आणि कशाचा चार्जर कुठला हे फक्त मला माहीत. वर्षातनं 364 दिवस घरात त्या ड्रॉवरला शिव्या असतात, आणि एक दिवस पाहुण्यांच्या जुन्या फोनला नेमकी तीच पिन लागते. तो दिवस माझा असतो. त्या दिवशी मी ड्रॉवर उघडताना मुद्दाम सावकाश उघडतो.

आणि टाकीचं पण सांगून टाकतो, नाहीतर ते ज्येष्ठ वाचक सांगतील. आमच्याकडं पाणी कधी येईल नेम नाही, म्हणून मी टाकीच्या झाकणाला दोन डोळ्यांचा अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला. तो आवाज खाली सोडतो, आपल्याला ऐकू येत नाही असला, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला बघतो, गुणिले आवाजाचा वेग भागिले दोन, की पाणी किती खाली आहे कळतं. मग तोच मोटर चालू करणार, तोच बंद करणार. चार दिवस काय चालला म्हणून सांगू, मी ऑफिसात बसून फोनवर टाकी बघायचो आणि मनातल्या मनात हसायचो. पाचव्या दिवशी टाकीतली वाफ त्याच्या डोळ्यात गेली आणि त्याला टाकी कायमची रिकामीच दिसायला लागली. मोटर दीड तास चालली. शेजारच्या काकूंनी खालच्या गच्चीत पापड वाळत घातलेले. पुढचं सांगत नाही. आता गाडीच्या मागच्या बंपरला असतो तसला पाण्यानं न बिघडणारा सेन्सर बसवलाय आणि तो दोन वर्षं व्यवस्थित आहे, पण हे कोण लक्षात ठेवत नाही, पापड लक्षात ठेवतात.

पण खरा आनंद गच्चीवरच्या दोन कांड्यांचा, म्हणजे माझ्या घरगुती अँटेनाचा. जुन्या पडद्याचे अ‍ॅल्युमिनियमचे रॉड, प्रत्येकी साडेत्रेपन्न सेंटिमीटर कापलेले, मध्ये 120 अंशाचा कोन. रॉड धरायचा तुकडा उद्यमनगरातल्या मित्रानं लेथवर करून दिला, त्यानं विचारलं पण नाही कशाला पाहिजे, फक्त म्हणाला "भोक किती सुताचं?" (कोल्हापूर म्हणजे हे. दुसरीकडं पहिला प्रश्न 'कशाला' असतो.) खाली वायर, वायरच्या टोकाला पेनड्राइव्हएवढा, रेडिओ लहरी पकडणारा एक डोंगल, आणि लॅपटॉप. बस्स. एवढ्यावर डोक्यावरनं आठशे-साडेआठशे किलोमीटरवर चाललेल्या अमेरिकेच्या हवामान उपग्रहाचा आवाज यायचा. पासवर्ड नाही, वर्गणी नाही, तो येईल जाईल तिथं वरून चित्र टाकत जायचा, ज्याला पाहिजे त्यानं घ्या. आवाज कसा, तर टिक-टॉक टिक-टॉक, भिंतीवरच्या घड्याळाला सर्दी झाल्यासारखा, सेकंदाला चित्राच्या दोन ओळी. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा आधी नुसती खरखर, मग अंधुक राखाडी पट्टे, मग हळूहळू काठियावाडचं नाक आलं, मग कोकणची किनारपट्टी, आणि घाटाला टेकून बसलेला ढगांचा पट्टा, आणि त्या ढगांच्या खाली मी, गच्चीवर, डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून. स्वतःच्या डोक्यावरचा पाऊस वरून बघितलाय का कधी? मी बघितलोय. शेजारी खालनं ओरडले, "काय इंजिनिअर, दूरदर्शन लागलं का परत?" मी हो म्हटलं.

ते उपग्रह तीन होते. 2025 च्या जूनमध्ये एक बंद केला, ऑगस्टमध्ये उरलेले दोन. त्यातला सगळ्यात म्हातारा 1998 चा, आमच्या लग्नाच्या आधीपासून फिरत होता बिचारा, 27 वर्षं. त्या दिवशी मी जेवताना गप्प, तर सौ. म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हटलं उपग्रह. तिनं वाटीत आमटी वाढली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "मी झोपतो आता, सुतक किती दिवसांचं ते सकाळी सांगा." आता रशियाचे उपग्रह पकडतो, चित्र एकदम क्लिअर येतं, डिजिटल आहे, पण टिक-टॉक नाही. मजा निम्मी गेली.

ह्या सगळ्यातनं मिळतं काय, असं त्या पत्रात विचारलेलं. पैसा मिळत नाही हे खरं. पण विज्ञानकथा वाचलेल्या माणसाला रोजच्या साध्या गोष्टीत जे दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. खासबागेत भेळ घेताना तो डबा बोलतो बघा, इतके रुपये मिळाले म्हणून, लोक ऐकून न ऐकल्यासारखं करतात, मी दर वेळी थांबतो. भेळेच्या गाडीवर कांद्याशेजारी एक बोलणारं यंत्र, स्वतःचं सिमकार्ड असलेलं, आणि कुणालाच काही वाटत नाही? किंवा जोतिबाला जाताना मॅप लावता ना, त्या जीपीएसच्या उपग्रहातली घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढं पळतात, आईनस्टाईननं सांगितलेलं तसंच, आणि ते आधीच धरून दुरुस्त केलेलं असतं. नसतं केलं तर एका दिवसात दहा किलोमीटरची चूक झाली असती आणि त्या बाईनं पंचगंगेच्या पुलावरच "तुम्ही पोचलात" म्हणून सांगितलं असतं. मी हे घरच्यांना गाडीत सांगतो. दर वेळी सांगतो. त्यांनी आता गाणी लावायला सुरुवात केलीय.

आणि साहेब, मी एकटा आहे असं समजू नका. खरी कॉर्नरला तो कॅमेऱ्याचा स्तंभ कशाचा आहे? बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता तर त्यांनी सिनेमाचा कॅमेराच कोल्हापुरात बनवला, शंभर वर्षांपूर्वी. त्यांना पण कुणीतरी म्हणालं असणारच की काय खेळणी करत बसलाय. राधानगरीचे सात दरवाजे घ्या. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात, रात्री दोनला सुद्धा, कुणी बटण दाबायला नको. माझ्या टाकीला जे चार दिवस जमलं ते तिथं किती वर्षं चाललंय. आणि जुलैत काय होतं आपल्या गावात, ज्या माणसाला एरवी बिलातली बेरीज नको असते तो पण सांगतो, राजाराम बंधारा 39 फुटाला इशारा, 43 फुटाला धोका, राधानगरीचा सहा नंबर उघडला, एका दरवाजातनं 1428 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी), म्हणजे पाणी इकडं यायला अजून इतके तास. अख्खं गाव गीक होतं. चहाच्या गाडीवर क्युसेक बोलणारं दुसरं शहर मला दाखवा.

तर आता मागणी. तुमच्या पेपरात राशिभविष्य असतं, सोन्याचा भाव असतो, पावसाळ्यात पंचगंगेची पातळी फूट-इंचात असते. अंबाबाईच्या देवळात मावळतीचं ऊन थेट देवीपर्यंत येतं त्या किरणोत्सवाला 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर तुमचे वार्ताहर मिनिटं मोजून देतात, किरणं गरुड मंडपात किती वाजता, चरणांवर किती वाजता, मुखापर्यंत पोचली का नाही. ते मी कात्रण काढून ठेवतो. सूर्य, दगडी देऊळ आणि टायमिंग, ह्यापेक्षा भारी गॅजेट मी बघितलेलं नाही. मग त्याच पानावर दोन ओळी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या टाका की, पृथ्वीभोवती फिरणारं, आत माणसं राहतात ते. कोल्हापूरवरनं किती वाजता जाणार, कुठल्या दिशेनं उगवणार, किती उंच येणार. माहिती फुकट मिळते, नासाच देते.

का म्हणतोय ते सांगतो. शुभांशु शुक्ला तिथं गेले 2025 च्या जूनमध्ये, स्थानकावर पोचलेला पहिला भारतीय माणूस. अठरा दिवस होते वर. दीड तासाला पृथ्वीला एक फेरी, म्हणजे दिवसाला सोळा, आणि त्यातल्या कितीतरी आपल्या आसपासनं. आणि आपल्याकडं काय, आषाढ! मी रोज रात्री गच्चीवर छत्री घेऊन. आपला माणूस डोक्यावरनं चाललाय आणि आपल्याला ढगाचं बूड दिसतंय. एकदा पण दिसलं नाही, विषय संपला.

मग डिसेंबरात आभाळ स्वच्छ झाल्यावर पुतण्याला घेऊन रंकाळ्यावर गेलो. संध्याकाळ, गर्दी, कणसाचा धूर. मी फोनमध्ये वेळ बघून म्हटलं, आता पश्चिमेला बघ, पाण्यावर. आणि आलं. लाल-हिरवा लाइट नाही, लुकलुक नाही, आवाज नाही, शुक्रासारखा एक ठिपका, एका लयीत वर चढत. फुटबॉलच्या ग्राउंडएवढी वस्तू, चारशे किलोमीटरवर, आत माणसं, कोल्हापूर ते पुणे अर्ध्या मिनिटात, खंबाटकीचा घाट न लागता. आपल्याकडं अंधार पडलेला असतो पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन असतं म्हणून ते चमकतं. आम्ही दोघं वर बघतोय म्हणून बाजूचे वर बघायला लागले, मग त्यांच्या बाजूचे. एकजण म्हणाला, "उजळाईवाडीचं इमान हाय ते." कणीसवाल्या मावशी म्हणाल्या, "इमान असतं तर आवाज न्हाय व्हय आला?" मग मी सांगितलं काय आहे ते, आत्ता त्यात माणसं आहेत म्हणून. कुणी हसलं नाही. दोन मिनिटं रंकाळ्याचा तेवढा कोपरा मान वर करून उभा, मावशींचं एक कणीस जळलं. आणि मग पलीकडं पोचायच्या आधीच ते मधल्यामधेच विझलं, पृथ्वीच्या सावलीत गेलं. पुतण्या म्हणाला, "काका, परत कधी?" त्याच्या मागनं अजून चारपाच जणांनी तेच विचारलं.

मी सगळ्यांना कुठं सांगत फिरू? दोन ओळी टाका. वेळा काढून मी दर रविवारी पाठवतो, मानधन नको. आभाळ भरलेलं असेल त्या आठवड्यात जागा सोन्याच्या भावाला वापरा, माझी काही हरकत नाही.

आपला,
एक नाद खुळा वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. पत्र टाकायच्या आधी सौ. ला वाचायला दिलं. म्हणाली, बाकी ठीक आहे, पण पापडाचं कशाला लिहिलासा, काकू हाच पेपर घेतात.