तळहाताखाली दाबलेल्या पट्टीबद्दल आभार

तळेगावच्या गॅरेजमधल्या दादांना,

स. न. वि. वि.

परवा भरलेली गाडी बोरघाट दम न खाता चढून आली. ड्रायव्हरने लोणावळ्यातून फोन केला आणि एवढंच बोलला, "दादांना सांगा." म्हणून हे पत्र.

टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या सीएनजी ट्रकचं पिकअप गेलं की आधी टर्बोवर संशय घेतात आणि स्कॅनरवर नॉकचा (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्याचा) कोड दिसला की नॉक सेन्सर बदलतात. तुमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी नेमकं हेच झालं. सेन्सर दोनदा बदलला आणि टर्बो बदलायचा अंदाजखर्चही हातात पडला. शेवटी "ड्रायव्हरला गाडी चालवता येत नाही" असा शेरा मिळाला, तोही ड्रायव्हरच्या तोंडावर. बिलापेक्षा तो शेरा जास्त लागला.

तुम्ही स्कॅनर लावलात आणि इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन केलीत. मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, ९४ केपीए (किलोपास्कल) दाखवत होता. तळेगावच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब तेवढाच असतो, खोपोलीत तोच १०० च्या जवळ दिसला पाहिजे. सेन्सर खोटं बोलत नाही, हे दोन मिनिटांत ठरलं. मग पूर्ण लोडवर १७० च्या जागी १३० येत होते, याचा अर्थ हवा खरंच कमी पडत होती. ही साधी तपासणी आधी कुणीच केली नव्हती.

टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून पाहिलात. किंचित खेळ होता, पण चाक हाउसिंगला घासत नव्हतं. वेस्टगेट (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला हातपंपाने दाब दिलात, रॉड सरकला आणि दाब टिकून राहिला. वेस्टगेट उघडं अडकलं तर बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, पडतो आणि अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारी बारीक नळी फुटली तर उलट वाढतो, हा फरक तुम्ही तुमच्या पोऱ्याला समजावून सांगत होतात. तो ऐकणाऱ्या आम्हा सगळ्यांच्याच कामी आला. नंतर टर्बोच्या तोंडाला रबरी बूच लावून रेग्युलेटरवरून फक्त अर्धा बार हवा सोडलीत. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होसवर, म्हणजे रबरी नळीवर, क्लॅम्पच्या खालच्या अंगाला साबणाचा फेस फुगला. वरून पाहताना तिथे काहीच दिसत नव्हतं. खाली बोट फिरवलं तर काळं तेलकट लागलं.

दुसरा कुणी असता तर क्लॅम्प आवळून बिल केलं असतं. तुम्ही विचारलंत, "क्लॅम्प सैल झालाच का?"

त्या होसला जोडलेल्या पाइपला इंजिन ब्लॉकवर धरणारी लोखंडी पट्टी होती आणि तिचा एक बोल्ट तुटलेला होता. पाइप हादरायचा म्हणून होस सैल झाला. पट्टी ब्लॉकवर आपटायची आणि नॉक सेन्सर तिथून वीतभर अंतरावर. सेन्सरला कान नसतात, तो ब्लॉकची थरथर मोजतो, सिलिंडरच्या व्यासाप्रमाणे साधारण ५-७ हजार हर्ट्झच्या पट्ट्यातली. पट्टीचा ठोका त्याला नॉकच वाटला. मग ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं आणि बूस्टही आवरता घेतला. म्हणजे गळती आणि खोटं नॉक, दोन्हींचं मूळ एका बोल्टात.

दादा, सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही पुढे केलीत. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून १८०० आरपीएमला धरायला सांगितलीत. लोड नसताना खरं नॉक व्हायचं काही कारण नसतं, आणि सीएनजी तर पेट्रोलपेक्षा नॉकला कितीतरी दाद न देणारं इंधन. तरी स्कॅनरवर नॉक सिग्नल उड्या मारत होता. तुम्ही गोणपाटाची घडी केलीत, फॅनपासून अंग लांब ठेवलंत आणि तळहाताने ती पट्टी घट्ट दाबलीत. आकडा बसला. हात काढला, परत उडाला. तेव्हा तुम्ही आमच्याकडे पाहिलंही नाहीत. स्कॅनर ड्रायव्हरच्या हातात दिलात आणि म्हणालात, "बघा, तुम्ही सांगत होता तो आवाज हाच." आधीच्या शेऱ्याने खाली गेलेली त्यांची मान तिथे वर आली.

सेन्सरखाली आधीच्यांनी स्प्रिंग वॉशर घातलं होतं आणि ब्लॉकवरचा रंगही तसाच होता. तुम्ही वॉशर काढून टाकलंत, जागा धातूपर्यंत साफ केलीत आणि टॉर्क रेंचने २० न्यूटन-मीटरला बोल्ट बसवलात. जास्त आवळला तरी सेन्सर चुकीचं सांगतो, हे इतरांनाही कळायला हवं. आणि सेन्सरचा सॉकेट काढून ठेवणं हा उपाय नव्हे. मग ईसीयू टायमिंग कायमचंच मागे ठेवतो.

आता लोडवर १६८ येतात. सेन्सर तोच आहे आणि टर्बोही तोच. नवीन लागलं ते एक बोल्ट, रबर बुश आणि टी-बोल्ट क्लॅम्प. काम जाणणारा आणि माणसाचं ऐकणारा कारागीर एकाच ठिकाणी भेटला, याचा आनंद शब्दांत मावत नाही.

पट्टीचा बोल्ट फिरला तर कळावं म्हणून तुम्ही त्यावर ओढलेली पिवळी रेघ जागेवर आहे. ड्रायव्हर रोज सकाळी गाडी काढण्याआधी वाकून ती पाहतात.

आपला,
या गाडीचा मालक