जुन्या घराचा नकाशा

बार्डन मिल, इंग्लंड
शनिवार, रात्रीचे साडेनऊ. बाहेर अजून उजेड आहे.

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी काय सांगत होते ते बाबांना ऐकू गेलं नाही, मग मध्येच दादानं फोन घेतला आणि बोलणं पावसापाण्यावर गेलं. म्हणून पत्र लिहिते आहे. दादाला म्हणावं, मोठ्या अक्षरात छापून आण, म्हणजे बाबांना स्वतः वाचता येईल. घाई नाही. रोवणी आटोपल्यावर वाचलं तरी चालेल.

बाबा, तुम्ही विचारत होता, "दोन आठवड्यांची सुट्टी काढून तू तिथं करते काय?" माती उकरते, बाबा. आणि त्यासाठी मीच पैसे भरले आहेत. इथे स्वयंसेवकांना फी भरावी लागते, राहण्याजेवणाचं ज्याचं त्यानं बघायचं. हे लिहिताना मला आजोबा आठवतात. १९६९-७० साली पवनीला जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याचं खोदकाम चाललं होतं, तेव्हा ते रोजीनं जायचे आणि तुम्ही त्यांचा डबा घेऊन जायचे. तुम्ही चौदा वर्षांचे होता. घमेल्यानं माती वाहताना खालून विटा दिसू लागल्या आणि शेवटी अख्खा स्तूप निघाला, ही गोष्ट मी तुमच्याकडून इतक्यांदा ऐकली आहे की मला वाटतं मीच तिथे होते. आज मी जे करते आहे त्याचं मूळ तुमच्या त्या डब्यात आहे. हे मी तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नव्हतं.

या जागेचं नाव विंडोलांडा. रोमन लोकांनी इंग्लंड घेतलं तेव्हा उत्तरेच्या सीमेवर पलटणी ठेवल्या, त्यातल्या एका पलटणीचा हा किल्ला. इथून जवळच सम्राट हेड्रियनची प्रसिद्ध भिंत आहे, १२२ साली बांधायला घेतलेली, समुद्रापासून समुद्रापर्यंत सुमारे ११७ किलोमीटर. पण हा किल्ला भिंतीच्याही आधीचा, इसवी सन ८५ च्या सुमाराचा. पहिले किल्ले लाकडाचे होते. पलटण बदलली की जुना पाडायचा, त्यावर चिकणमाती आणि गवताची ढेकळं पसरायची आणि वर नवा उभा करायचा. असे एकावर एक कमीत कमी नऊ किल्ले इथे आहेत. त्या चिकणमातीमुळे खालच्या थरांना हवाच लागली नाही. आपल्याकडे लाकूड गाडलं तर चार पावसाळ्यांत वाळवी खाऊन टाकते. इथे एकोणीसशे वर्षांपूर्वीचं लाकूड, चामडं, दोरी, सगळं तसंच्या तसं निघतं.

सकाळी सगळे जमतो. बहुतेक जण निवृत्त झालेले. माझ्या शेजारी खणणाऱ्या बाई बाहत्तर वर्षांच्या, जन्मभर नर्स होत्या आणि गेली कित्येक वर्षं न चुकता इथे येतात. प्रत्येकाच्या हातात गवंड्याची असते तशी छोटी टोकदार करणी. वरची माती फावड्यानं निघते, पण खालच्या थरांत गेलं की करणीच, गुडघे टेकून. उकरलेली माती बादलीत, बादली ढकलगाडीत, ढकलगाडी फळीवरून ढिगाऱ्यावर. पावसाळी कोट घालूनही आम्ही भिजतो. जुलै महिना आहे, पण बोटं गारठतात.

खालचा थर मात्र मला परका वाटला नाही. पहिल्यांदा हात घातला तेव्हा धानाच्या बांधीतला चिखल आठवला. तोच काळा रंग, तोच थंडपणा. वास वेगळा, गुरांच्या कोठ्यात तणस सडल्यावर येतो तसा. आणि ते खरोखर तणसच आहे. हे लोक घरात जमिनीवर गवत आणि नेच्याची पानं अंथरायचे. खराब झालं की उचलून टाकण्याऐवजी वरून नवं पसरायचे. तो थर चटईसारखा पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटतो. एक पापुद्रा उचलला की खालचं नेचं पिवळट हिरवं असतं, नुकतं कापल्यासारखं. आपल्या डोळ्यांदेखत ते तपकिरी होतं, मग काळं. एकोणीसशे वर्षांनी हवा लागते त्याला, आणि थोड्याच वेळात रंग जातो. कुठे कुठे निळा खडा दिसतो, आपण धुण्याला घालायचो त्या निळीसारखा. तोही मातीतून निघताना निळा नसतो, हवा लागली की होतो.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. पाऊस येणार म्हणून मी घाई केली आणि करणी जरा जोरात ओढली. खाली खांबाचं लाकूड होतं. दिसायला भक्कम, पण हाताला सोललेल्या केळ्यासारखं मऊ. बोटभर लांब पांढरा ओरखडा पडला. आमच्या चौकोनाची देखरेख करणारी मुलगी रागावली नाही. तिनं तो ओरखडा नोंदवहीत लिहिला, तारखेसह, म्हणजे पुढे कुणाला ती रोमन सुताराची खूण वाटू नये. मला त्या रात्री झोप लागली नाही. आता पाऊस आला तर येऊ देते.

आता ज्यासाठी ही जागा जगभर माहीत आहे ते सांगते. १९७३ साली इथे रॉबिन बर्ली या संशोधकाला चिखलात लाकडाच्या पातळ ढलप्या सापडल्या. त्यांना वाटलं, सुतारकामाचा भुसा असेल. एकमेकींना चिकटलेल्या दोन ढलप्या अलग केल्या तर आत शाईची अक्षरं! ती पत्रं होती. आपल्या पोस्टकार्डाएवढी, एकदोन मिलिमीटर जाडीची. शाई काजळी आणि डिंकाची. उघडल्यावर अक्षरं झरझर पुसट झाली, मग खास छायाचित्रं काढून वाचावी लागली. तेव्हापासून शेकड्यांनी अशी पत्रं निघाली आहेत आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवली आहेत.

बाबा, यातलं ऑक्टेव्हियस नावाच्या माणसाचं पत्र मला तुम्हाला वाचून दाखवायचं आहे. हा धान्याचा आणि कातड्याचा व्यवहार करणारा. तो म्हणतो, मी कणसांचा सौदा केला आहे, सुमारे ५,००० मापं. रोख पैसे लवकर पाठव, नाहीतर दिलेला विसार, ३०० दिनारांच्या आसपास, बुडेल आणि माझी लाज जाईल. पुढे म्हणतो, कातडी आणायला मी कधीच गेलो असतो, पण रस्ते खराब आहेत, जनावरांचे हाल नको म्हणून थांबलो. हे वाचून मी पुतळ्यासारखी उभी राहिले. श्रावणात वाटेवर गुडघाभर चिखल असायचा तेव्हा तुम्ही बैल जुंपायला नाही म्हणायचे आणि व्यापारी दारात उभा राहून बडबडायचा. तुमचे शब्द आहेत हे, बाबा.

आई, तुझ्यासाठी दुसरं. कुणीतरी घरून शिपायाला पायमोजे, दोन जोड चपला आणि आतले कपडे पाठवले आहेत, त्याची यादी लिहून. तू पार्सलात पापड, लाखोळीची डाळ आणि मोजे टाकते आणि वर कागदावर मोजून लिहिते, तसंच. एक पत्र सेवेरा नावाच्या बाईचं आहे, मैत्रिणीला ११ सप्टेंबरला वाढदिवसाला बोलावलं आहे. मजकूर लेखनिकाकडून लिहवून घेतला, पण खाली चार ओळी तिनं स्वतःच्या हातानं लिहिल्या. बाईच्या हातच्या लॅटिन अक्षरांत ती सगळ्यांत जुन्यांपैकी आहेत. आणि एका पलटणीची हजेरी आहे: एकूण ७५२ माणसं, त्यातली कितीतरी बाहेरगावी, आणि हजर असलेल्यांपैकी ३१ कामाला येण्यासारखी नाहीत. ३१ पैकी १० जणांचे डोळे आलेले! मागच्या भादव्यात आपल्या घरात सगळ्यांचे आले होते, ते आठवलं.

ही पत्रं इतकी वर्षं टिकली कशी, हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. १०५ च्या सुमारास पलटणीला इथून हलवायचा हुकूम आला. जाताना नको असलेलं सगळं त्यांनी जाळलं, त्यात कचेरीतली ही पत्रंही. असं मानतात की पाऊस आला आणि होळी विझली. म्हणून काही पत्रांच्या कडा जळलेल्या आहेत आणि मधला मजकूर शाबूत.

आपणही जाळलं होतं. आठवतं? धरणासाठी गाव सोडायच्या आदल्या संध्याकाळी, अंगणात. बाबांनी सागाच्या कड्या, दारं आणि कवेलू उतरवून ट्रॅक्टरवर चढवले होते, नव्या गावात लागतील म्हणून. उरलं ते मोडकी सुपं, टोपल्या, माझ्या आणि दादाच्या वह्या, मामाची आंतर्देशीय पत्रं, आजोबांच्या पंढरपूरच्या पावत्या. आई, तू पदर डोळ्याला लावून उभी होती आणि धुरामुळे म्हणत होती. त्या दिवशी आपल्याकडे पाऊस आला नाही.

परवा मला चपलेचा तळ सापडला. इथे आजवर चामड्याचे ५,००० हून जास्त जोडे निघाले आहेत, त्यामुळे इथल्या लोकांना त्याचं अप्रूप नाही. पण हा माझ्या तळहाताएवढा होता. लहान मुलाचा. चिखल पाण्यानं अलगद सोडवला तर कडेनं शिवणीची भोकं ओळीनं दिसू लागली, आणि टाचेकडे एका बाजूला चामडं जास्त झिजलेलं. म्हणजे ते मूल एक पाय जरा ओढत चालत असेल. पलटणीच्या किल्ल्यात लेकरंही राहत होती, हे या जोड्यांमुळेही पक्कं झालं. चामडं सुकू द्यायचं नसतं, म्हणून पाण्यासकट पिशवीत ठेवलं. पण त्याआधी, अजून तो मातीत असतानाच, आधी मापं घेतली. उत्तर दक्षिण, किती खोल, कुठल्या भिंतीपासून किती हात. वस्तू जागेवरून हलवली आणि जागा लिहून ठेवली नाही, तर तिची निम्मी गोष्ट गेली. इथे सगळ्यांत जास्त दरडावून हेच सांगतात.

आणि म्हणून हे पत्र, बाबा.

आपल्या घराची एकच नोंद आहे, पंचनाम्याची. कवेलूचं घर एक, इतके चौरस फूट. आंबा एक, सीताफळ दोन, विहीर एक, बांधीव. तो कागद तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे, कारण त्याच्यासाठी तुम्ही अकरा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. पण चूल कुठल्या भिंतीला होती, ते त्यात नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मारुतीचा ओटा उघडा पडतो, आपलं घर त्याच्याही खाली आहे. मी गाव सोडलं तेव्हा दहावीत होते. काल रात्री घराचा नकाशा काढायला बसले आणि मलाच घोळ झाला. धानाची ढोली मधल्या खोलीत की ओसरीच्या टोकाला? जातं दाराच्या उजव्या हाताला होतं ना? कोठ्यातून सांदवाडीत जायला दार होतं की नुसती पोकळी? आजी ज्या देवळीत दिवा ठेवायची, ती पूर्वेला की उत्तरेला?

तुम्ही नकाशा काढून ठेवा. पुतण्याच्या चित्रकलेच्या वहीतला मोठा कागद घ्या. फुटांत जमत नसेल तर पावलांत लिहा, तुमचं पाऊल किती लांब आहे तेवढं खाली टीप द्या. प्रत्येक खोलीत काय कुठे होतं ते लिहा. कुणाचा जन्म कुठल्या खोलीत, आजोबा कुठे गेले तेही. शेजारची घरं आठवतील तेवढी दाखवा, मामा (माजी मालगुजारी) तलावाकडे जाणारी वाट दाखवा. आईला जवळ बसवा. चुलीभोवतीचं तिला जास्त माहीत. तुमचं आणि तिचं जमलं नाही तर खोडू नका, दोन्ही लिहा आणि पुढे नाव टाका. इथे आम्ही असंच करतो.

विहिरीपासून सुरुवात करा. तिच्याबद्दल मलाही शंका नाही: अंगणाच्या नैर्ऋत्येला, आंब्यापासून बारा पावलं. मी मोजायचे, लपाछपीत राज्य आलं की.

बाकी ठीक. आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? रोवणीला बायका मिळाल्या का? धानाचे पऱ्हे पिवळे पडले होते असं दादा म्हणत होता. बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, पवनीला बाजाराच्या दिवशी विसरू नका. वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद.

सोमवारी पुन्हा त्याच चौकोनात उतरायचं आहे. चपलेचा दुसरा पाय अजून मिळालेला नाही.

तुमची लेक