टाचणाआधी वर्ग पाहा

मा. संपादक,

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतली आंतरवासिता (प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याचा सराव) २० आठवड्यांची: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. वेळ वाढला, पण पाठ टाचण (पाठाचा लेखी आराखडा) अजूनही वर्ग पाहण्याआधीच लिहून तयार असते. पुष्कळदा मागच्या बॅचच्या फाइलवरून उतरवलेले. ‘पूर्वज्ञान’ या रकान्यात ‘विद्यार्थ्यांना प्रवासाचा अनुभव आहे’ असे लिहून छात्राध्यापक (बी.एड.चा विद्यार्थी) मोकळा होतो आणि नवी मुंबईतल्या तुर्भे किंवा दिघ्याच्या वर्गात प्रस्तावनेला विचारतो, “सुट्टीत कुठे फिरायला गेला होतात?” अर्धा वर्ग गप्प. निरीक्षकाचा शेरा: ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद कमी’.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात एकाच वर्गात आगरी-कोळी घरातली, माथाडींची, मराठवाड्यातून मजुरीला आलेल्यांची, उत्तर प्रदेश-बिहारकडची मुले असतात. येऊरच्या बाजूला पाड्यांवरची वारली मुले. ‘डोला’, ‘पानी’ लिहिणारे आगरी मूल घरी बोलते तसेच लिहीत असते. ‘माझी पुस्तक’ लिहिणारे मूल हिंदीतले लिंग घेऊन आलेले असते. दोघांना लाल शाईची फुली मात्र एकच, म्हणून दोघांचीही चूक सुधारत नाही. पहिल्यासाठी फळ्यावर ‘घरी’ आणि ‘पुस्तकात’ असे दोन रकाने करून रोज पाच-सहा जोड्या मोठ्याने वाचून घ्याव्यात. ‘अशुद्ध’ हा शब्द तोंडातून काढू नये. दुसऱ्यासाठी प्रत्येक नाम ‘तो-ती-ते’ लावूनच शिकवावे. आणि ‘शिक्षा’ हा शब्द जपून वापरावा. हिंदी बोलणाऱ्या मुलाला त्यातून शिक्षण ऐकू येते.

पहिल्या चार आठवड्यांत पाठ कमी आणि माहिती जास्त घ्यावी. मधल्या सुट्टीत रोज दोन मुलांशी बोलले तरी चाळीसेक मुलांचा वर्ग पुरा होतो. आजीशी कोणत्या भाषेत बोलतोस, शाळेत कसा येतोस, संध्याकाळी घरी कोण असते, अभ्यासाला कुठे बसतोस, एवढे पुरते. वडिलांचा धंदा सगळ्यांसमोर विचारू नये. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी “एससी कोण कोण, हात वर करा” म्हणणे किंवा शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांवरच्या मुलांची नावे वर्गात वेगळी वाचणे हा तर उघड अपमान आहे. हे काम टेबलाशी एकेकाला बोलावून दोन मिनिटांत होते.

पाठाच्या वेळी सोबतच्या छात्राध्यापकाने मागे बसून बाकांचा नकाशा काढावा आणि ज्याला प्रश्न विचारला त्याच्या जागी टिंब द्यावे. टिंबे बहुतेक पुढच्या दोन ओळींत दाटतात. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजावे. घरची भाषा वेगळी असलेले मूल तेवढ्या वेळात उत्तर मराठीत बसवत असते. पण पाठ घेणाऱ्याला ती शांतता फसल्यासारखी वाटते आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

प्रकल्पाला थर्माकोल, रंगीत प्रिंट मागवले की गुण पालकांच्या खिशाला जातात. वर्गातच जुन्या वर्तमानपत्रांवर करून घ्यावा. पालकसभा सकाळी अकराला ठेवली की नाक्यावरच्या मजुराचा रोज बुडतो. भाजी मार्केटमधला माथाडी तर पहाटेचे काम उरकून तेव्हा कुठे टेकलेला असतो. मग अहवालात ‘पालक उदासीन’ लिहिले जाते.

पाठ निरीक्षण तक्त्यात फलकलेखनाला गुण आहेत. तिथेच आणखी दोन रकाने विद्यापीठाने घालावेत: प्रश्न कितव्या बाकापर्यंत पोहोचले, आणि टाचणात याच वर्गातल्या मुलांची कोणती माहिती वापरली. ज्याला गुण नाहीत त्याला छात्राध्यापक वेळ देत नाही, म्हणून ही मागणी दुसऱ्या वर्षाच्या १६ आठवड्यांआधी मान्य व्हावी.

– अध्यापक शिक्षणात काम करणारे काही प्राध्यापक, ठाणे