पैठणी लंडनला उतरल्यावर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई विचारत होती, "लंडनला तुझ्याकडे येताना विमानात जांभळी पैठणी नेसू की ती कांजीवरम?" आणि मागून बाबांचा आवाज आला, "मी आपला सफारी शिवायला टाकलाय." मी हसून विषय सोडला, पण रात्री डोक्यातून जाईना. फोनवर काही सांगितलं की तुम्ही दोघं "हो हो" म्हणता आणि मनातलंच करता. लिहिलेलं निदान फ्रिजवर लावून ठेवाल, म्हणून हे पत्र.

मोपाच्या विमानतळावर सोडायला अख्खी वाडी येणार आहे, हे मला ठाऊक आहे. फोटो निघणार, हार पडणार. पण त्या दहा मिनिटांनंतर मुंबईला विमान बदलायचं, लांबच लांब चालायचं आणि मग नऊ-दहा तास एका खुर्चीत काढायचे, हे तुमच्या दोघांच्या अंगालाच सोसायचं आहे. तेव्हा कपडे त्या खुर्चीच्या हिशेबाने निवडा. फोटोत काय, तुम्ही कशातही छानच दिसता.

आई, आधी तुझं. तू चारधामला गेलीस तेव्हा शिवलेले ते सुती पंजाबी ड्रेस अजून कपाटात असतील. त्यातला सैल असेल तो घाल. ओढणी आखूड घे किंवा घेऊच नकोस. साडीच नेसायची असेल तर माझी ना नाही, पण सुती नेस, घोट्याच्या वर नेस आणि पदर खोचून घे. विमानातलं संडास म्हणजे आपल्या देवळीएवढी जागा. खाली ओलं असतं आणि काठ सावरायला हात पुरत नाहीत. सरकत्या जिन्यावर तर लोंबता पदर धोक्याचाच. आपल्याकडच्या शेतात राबणाऱ्या बायका कुणबी साडी आखूड नेसून खांद्यावर गाठ मारायच्या, ते उगाच नव्हे. दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत, इतका साधा विचार होता तो.

पैठणी सामानाच्या बॅगेत घाल. इथे पहिल्याच रविवारी मंडळातल्या लोकांकडे जेवायला जायचं आहे, तिथे नेस आणि सगळ्यांचे डोळे दिपवून टाक.

अंबाडा नको. मागे डोकं टेकवताच येत नाही आणि मान अवघडते. सैल वेणी घाल. दागिन्यांत मंगळसूत्र, कुड्या आणि दोन बांगड्या, बस. सुरक्षा तपासणीत बाईच तपासते आणि आडोसाही असतो, त्यामुळे संकोच करू नकोस. पण अंगावर जितकं धातू तितका तो यंत्राचा आवाज आणि तितका उशीर. सेफ्टी पिनासुद्धा मोजक्याच लाव.

बाबा, आता सफारी. टेरिकॉटचा असणार, हे मी न बघता सांगते. त्यात हवा खेळत नाही, घाम जिरत नाही. शिवाय असा कृत्रिम धागा आगीत वितळून कातडीला चिकटतो. सुती आणि लोकरीचं तसं होत नाही. घाबरवायला सांगत नाही, पण निवड आपल्या हातात असताना सुतीच का नको?

दुसरी गोष्ट तुमच्यातल्या विज्ञानाच्या मास्तरांसाठी. विमान 35,000 फुटांच्या आसपास उडतं, पण आतल्या हवेचा दाब 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असतो तितकाच ठेवतात. म्हणजे तुम्ही कळसूबाईच्या शिखराहूनही उंच जागी बसलेले असता. दाब कमी झाला की वायू प्रसरण पावतो, हे तुम्हीच आम्हाला फळ्यावर शिकवलं. पोटातला वायूही त्याच नियमाने फुगतो. मग कमरेला घट्ट पट्टा आवळून बसलात तर काय होईल ते तुम्हीच सांगा. तेव्हा सैल सुती पँट, कमरेला इलॅस्टिक किंवा नाडी. पट्टा नसला की तपासणीत तो काढायची कटकटही वाचते.

वरून तुमची ती खिशांची बंडी घाला. पासपोर्ट, चष्मा, मोबाइल, सुटे पैसे सगळं तिच्या खिशांत ठेवा. तपासणीला आलात की बंडी काढून ट्रेमध्ये ठेवायची आणि पुढे जाऊन परत चढवायची. खिसे चाचपत बसायला नको, मागचा माणूसही खोळंबत नाही. मोबाइल तेवढा वेगळा काढायला सांगतात.

थंडीचं दोघांनीही नीट ऐका. मे महिन्यात घरातून निघताना अंगाची काहिली होणार, त्यामुळे स्वेटर हातात घ्यायला जिवावर येईल. तरी घ्या. विमानात एका जागी बसून राहिलं की रात्री गारवा जाणवतो. हवाही फार कोरडी, दमटपणा 20 टक्क्यांच्याही खाली असतो. आपल्याला जन्मभर घामाची सवय, तेव्हा ओठ आणि नाक सुकेल. आणि इथे पहाटे उतराल तेव्हा बाहेर 10 अंशांच्या आसपास असेल. एकच जाड कोट नको. आत सुती, त्यावर पातळ स्वेटर, वर आईची शाल, म्हणजे हवं तसं काढता-घालता येतं. स्वेटर पेटीतून आत्ताच काढा आणि उन्हात टाका. गेल्या पावसाळ्याचा कुबट वास आणि डांबरगोळ्यांचा वास, दोन्ही एकत्र शेजारच्या प्रवाशाला नकोत.

पायांचं सगळ्यात महत्त्वाचं. बसून बसून पाय सुजतात, म्हणून बाबांचे लग्नातले कातडी बूट अजिबात नकोत. म्हापशाच्या बाजारात पट्टी चिकटवायचे सैलसर कापडी बूट मिळतील. संध्याकाळी घालून बघून घ्या, कारण संध्याकाळी पाय जरा मोठा झालेला असतो. आईला मागे पट्टी असलेली सँडल आणि मोजे. सपाता नकोत, घसरतात. विमान उडताना आणि उतरताना दोघांच्याही पायांत पादत्राणं असायलाच हवीत.

चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली सांगितलं होतं. दुप्पट होऊनही धोका लहानच, सुमारे 6,000 प्रवाशांत एक. पण बाबांच्या पोटरीच्या शिरा आधीच फुगलेल्या आहेत. त्यासाठी गुडघ्याखाली येणारे दाबाचे मोजे मिळतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र घालू नका, काही जणांना ते चालत नाहीत. आणि मोजे घातले म्हणून बसून राहायचं नाही. तासा-दीड तासाने उठायचं, दोघांनी मिळून एक फेरी मारायची.

हातातल्या पिशवीत औषधं आणि दोघांचा एकेक जोड कपडे असू द्या, सामान मागे राहिलं तर हाल होत नाहीत. आणि आई, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या त्यात कोंबू नकोस. तेलामुळे पेट घेतात म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. कोकमाची सोलं आण, ती चालतील.

डॉक्टरांनी होकार दिला तर सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आत, बाबांच्या घोट्याचा आणि पोटरीचा घेर टेपने मोजून मला सेंटिमीटरमध्ये पाठवा. त्या मापाचे मोजे इथून मागवून तुमच्या पत्त्यावर पाठवते. अंदाजाने सांगू नका, दोन्ही पाय मोजा.

तुमची,
बाय