चॅनल काढा, पण आधी रेकॉर्ड नीट वाजवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साठ ते ऐंशीच्या दशकातलं मुंबईचं बीट (गिटार-ड्रमवरचं त्या काळचं पॉप), रॉक आणि इलेक्ट्रॉनिक संगीत दुर्लक्षित राहिलं, म्हणून त्यावर व्हिडिओ चॅनल काढू पाहणारी तरुण मंडळी आता भेटू लागली आहेत. त्यांचं मनापासून स्वागत. अडचण एवढीच, की पहिला खर्च कॅमेरा आणि दिव्यांवर होतो, आणि गाणं मात्र कुणीतरी आधीच नेटवर चढवलेल्या चिरक्या फायलीवरून उचललं जातं. अशा चॅनलमुळे संगीत टिकत नाही, फक्त फिरत राहतं.

चरणजित सिंग या हिंदी सिनेसंगीतातल्या वादकाचं उदाहरण घ्या. १९८२ साली त्यांनी टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलँड कंपनीची ठेक्याची आणि सिंथेसायझरची यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती रेकॉर्ड दिल्लीत सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. ॲटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडची १९८१ची रेकॉर्डही २०११ मध्ये परदेशातूनच पुन्हा आली. दोन्ही वेळा मूळ तबकडी टिकून होती, म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

तेव्हा सुरुवात तबकडीपासून करावी. आपल्या पावसाळ्यात रेकॉर्डवर बुरशी धरते आणि ती खाचेत बसली की सुई नुसती चरचरते. विनाइलसाठी तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिटरमागे भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनेच फिरवावा, मधला कागद कोरडा ठेवावा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून तबकडी सावलीत उभी वाळवावी. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोल अजिबात लावू नये, लाख त्यात विरघळते. तिला सुईही वेगळी लागते, साधारण तीन मिल (इंचाचा तीन हजारांश) जाडीची. एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि कचराच वाजवते.

सुईचा दाब कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसते त्या भागाच्या, माहितीपत्रकात दिला असेल तेवढाच ठेवावा, बहुधा दोन ग्रॅमच्या आसपास. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, हा गैरसमज आहे. हलकी सुई उड्या मारते आणि खाचेच्या भिंती तासते. वेग तपासायला रेघा छापलेली स्ट्रोब-तबकडी मिळते, विजेच्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. तिच्यावर आपल्या ५० हर्ट्‌झ विजेसाठी ३३⅓ आरपीएमला १८० रेघा लागतात. परदेशातून आणलेल्या स्ट्रोब-तबकडीवर बऱ्याचदा ६० हर्ट्‌झच्या २१६ असतात. त्या स्थिर दिसल्या तर यंत्र हळू चाललंय असं समजा. एलईडी दिव्याखाली रेघा नीट दिसतही नाहीत, जुना पिवळा बल्ब बरा.

टर्नटेबल थेट संगणकाच्या लाइन-इनला जोडलं तर आवाज पातळ आणि टोचरा येतो, कारण रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात. ते पूर्ववत करायला फोनो प्रीॲम्प लागतोच. तो टर्नटेबलमध्येही आणि ॲम्प्लिफायरमध्येही असला तर एकच चालू ठेवावा, नाहीतर आवाज फाटतो. मुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झवर, सर्वांत मोठा आवाज मुद्रणाच्या मीटरवर उणे ६ डेसिबलपर्यंत. चाळीस मिनिटांच्या एलपीला सुमारे १.४ जीबी जागा लागते. ही मूळ फाइल कधीही बदलू नये, सगळी दुरुस्ती प्रतीवर. तीही फक्त टिकटिक काढण्यापुरती. खरखर पूर्ण घालवायला गेलात तर झांजा आणि गिटारची धारही जाते. मोनो रेकॉर्ड असेल तर डावी-उजवी वाहिनी एकत्र करा, तेवढ्यानेच बरीच खरखर उतरते.

ऐंशी-नव्वदच्या रॉक बँडांचं बरंच काम कॅसेटवर आहे. वाजवण्याआधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवावी. आतला, फीत दाबून धरणारा नमद्याचा तुकडा गळाला असेल तर फीत पाच स्क्रूच्या दुसऱ्या डबीत हलवावी. फीत वाचणाऱ्या हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवून, मोनोत ऐकत, जिथे आवाज सर्वांत उजळ येतो तिथे थांबावं. एवढं न करता लोक ‘कॅसेटचा आवाज दबकाच असतो’ म्हणून सोडून देतात.

आता हक्कांचं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९६४ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली मुद्रणं २०२५च्या सुरुवातीला मोकळी झाली. चाल आणि शब्दांचा हक्क मात्र रचनाकाराच्या निधनानंतरही ६० वर्षं राहतो. सत्तरच्या दशकातलं जवळजवळ सगळंच अजून कुणाच्या तरी मालकीचं आहे, आणि बँडने परदेशी गाणं वाजवलेलं असेल तर मालक दोन. समीक्षेसाठी अंश वापरायला कायदा मुभा देतो, पण ‘दहा सेकंद चालतात’ असा नियम कुठेही नाही. म्हणून अख्खं गाणं चढवू नये. एखादा तुकडा ऐकवावा आणि त्यात काय घडतंय ते बोलावं. व्हिडिओ आधी खासगी ठेवून चढवला तर यूट्यूबची तपासणी दावा आधीच दाखवते. दावा आणि स्ट्राइक या वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्याने उत्पन्न वळतं किंवा व्हिडिओ अडतो. स्ट्राइक म्हणजे हक्कदाराच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनलला दिलेली ताकीद. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनलच बंद होऊ शकतं.

सर्वांत मोलाची जागा म्हणजे व्हिडिओखालचं वर्णन, आणि तीच बहुतेक ठिकाणी रिकामी असते. कंपनी, रेकॉर्डचा क्रमांक, शेवटच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स (छापणीच्या साच्याचा) क्रमांक, लेबलवरचं वर्ष, कोण काय वाजवतं, आणि आवाज कुठल्या प्रतीवरून घेतला, हे सगळं तिथे यावं. वादक हयात असतील तर त्यांच्याकडून नावं पडताळून घ्यावीत. कव्हरवरची नावं चुकलेली किंवा गाळलेली असतात.

आपल्याला एक विनंती. सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धांच्या १९७० आणि १९७१च्या रेकॉर्डी निघाल्या, पण त्यांवर न आलेल्या बँडांची नावं आज मिळणं कठीण आहे. अशा कार्यक्रमांच्या जाहिराती त्या काळच्या वृत्तपत्रांत येत असत. आपल्या जुन्या अंकांतली १९६५ ते १९८५ची करमणुकीची पानं अभ्यासकांना पाहायला खुली केलीत, तर या चॅनलवाल्यांना नाव-तारखेचा पहिला पक्का पुरावा मिळेल.

आपले,
काही रेकॉर्ड-संग्राहक, मुंबई