गोळ्यांची पिशवी बरोबर न्या

ती. बाबा आणि आई,
सा. न.

सकाळी पुण्यात पोचले. बसमध्ये झोप काही लागली नाही, बाबांचे पायच डोळ्यांसमोर येत होते.

बाबा, तीन महिने घोटे सुजलेत आणि तुम्ही म्हणता वय झालं! परवा तुमचा गोळ्यांचा डबा उपडा केला तेव्हा दोन पाकिटं निघाली. नावं वेगळी, रंग वेगळे, पण खाली बारीक अक्षरांत दोन्हींवर एकच औषध: अॅम्लोडिपिन. एक डिचोलीच्या डॉक्टरांचं, दुसरं म्हापशाच्या. ब्लडप्रेशरची ही गोळी चांगलीच आहे, पण तिने काहींचे पाय सुजतात, आणि तुम्ही तर दुप्पट घेत होतात. बाजारातल्या फार्मसीवाल्याने पाकिटं बघितली आणि लगेच डिचोलीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एक गोळी बंद करायला सांगितली. म्हापशाला आपण दोन तास बाकावर बसलो होतो. आत गेल्यावर त्या डॉक्टरांनी आधी काय चालू आहे हेही विचारलं नाही, मान वर न करता चिठ्ठी लिहिली.

आणि तुम्ही मलाच दटावलंत, "दोतोराक कितें विचारप?" फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला जुना पार्ट दाखवल्याशिवाय उठू न देणारे तुम्ही! फी मोजून घेतलेले उपचार ही ग्राहकाने घेतलेली सेवाच, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच सांगितलंय. भांडा असं मी म्हणत नाही, विचारा एवढंच. ही गोळी कशासाठी, किती दिवस, आधीच्या गोळीबरोबर चालेल का. विचारलेलं ज्याला खपत नाही, त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही.

गर्दी होती म्हणून त्या डॉक्टरांनी विचारलं नसेल, हे कारण मला पटत नाही. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात काय कमी गर्दी असते? तिथल्या त्या शिकाऊ मुलीने खाली उकिडवं बसून आईची टाच दाबून पाहिली होती. (आई, तू तिचं लग्न झालंय का विचारलंस, ते मात्र नको होतं.)

गुरुवारी डिचोलीला जाताना डबा नको, सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक चूर्णसुद्धा, ते लपवू नका. तोवर मनाने एकही गोळी सोडायची नाही. आत गेल्यावर फोन लावा, मी ऐकेन. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड देवघरातल्या खणात आहे. कधी दाखल व्हायची वेळ आली तर पैशांचं बोलणं निघण्याआधी ते पुढे करा, तुम्हा दोघांना वर्षाला अडीच लाखांपर्यंतचा उपचारांचा खर्च त्यात आहे.

आणि आई, पाव घेऊन येणारा पोदेर हल्ली भोंपू वाजवून पुढे जात नाही, गेटाशी थांबतो, पाहिलंस ना? तुला पायऱ्या उतरायला वेळ लागतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. चवथीला त्याच्यासाठी नेवऱ्या बाजूला काढून ठेव.

तुमची,
बाय