विन्या, खंडूचं तुझंच खरं होतं

मुलुंड,
14 जुलै, रात्री पावणेतीन

प्रिय विन्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि हे सलग सांगायचंय. शिवाय काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा 'नंतर सविस्तर बोलू' असा मेसेज टाकून मी चार महिने गप्प बसलो, त्याची लाज आहे ती वेगळीच. तब्येत बरी. बीपीची गोळी अर्धीची एक झाली, एवढंच. माधवी ठीक.

तर, घरात कुत्रं आलंय.

हसून घे. इरानं आणलं. स्टेशनबाहेर स्कूटरखाली भिजत बसलं होतं. "बाबा, फक्त पाऊस थांबेपर्यंत," म्हणाली. जुलैतला पाऊस कधी थांबतो ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. आठवड्यानं ती बंगळुरूला नोकरीवर परत गेली आणि पिल्लू राहिलं. तांबूस, गावठी, एक कान उभा, एक पडका, अडीच महिन्यांची मादी. इरानं नाव ठेवलंय मोचा. माधवीच्या तोंडात ते बसेना, ती चिंगी म्हणते. पोरगी चिंगीलाच ओ देते.

मुतण्याचं सोडलं तर इतकी गुणी आहे म्हणून सांगू! पण ते सोडायचं कसं? दिवसातून बारा-पंधरा वेळा. डॉक्टरीणबाई म्हणतात, जितक्या महिन्यांचं पिल्लू तितके तास ते धरू शकतं, फार तर एक तास वर. म्हणजे हिचे ताणून साडेतीन तास. त्यापुढे तिच्या हातातच नाही, आतला स्नायू अजून ताब्यात आलेला नसतो. म्हणून झोपेतून उठली की, खाल्लं की, खेळून दमली की लगेच उचलायची आणि जागेवर न्यायची. जागा म्हणजे ड्राय बाल्कनी, वॉशिंग मशीनच्या शेजारी. लशीचा शेवटचा डोस बाकी आहे, तोवर खाली रस्त्यावर न्यायची नाही. पार्व्होची भीती, आणि या दिवसांत उंदीर मुतलेल्या पाण्यातून लेप्टो, तो तर आपल्यालाही सोडत नाही. तेव्हा खाली पेपर अंथरायचा. मी मुद्दाम अग्रलेखाचं पान अंथरतो. तू ज्यांना 'मुद्देसूद' म्हणतोस ना, त्यांच्यावर तिचा नेम अचूक बसतो.

सोसायटीनं लिफ्टपाशी 'कुत्र्यांनी जिन्याने जावे' अशी पाटी लावली. कुत्री वाचतात असा सेक्रेटरींचा समज असावा. इरानं ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची 2015 ची नियमावली पाठवली, लिफ्ट बंद करता येत नाही म्हणून. ती छापून त्यांच्या हातात दिली, वर तुझं ते 1832 चंही ऐकवलं, फोर्टात पारशांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी दंगल केली होती ते. आता ते माझ्याशी फक्त मान हलवून बोलतात. पण हे सांगायला तुला लिहीत नाहीये.

मागच्या मंगळवारची गोष्ट. माधवी ठाण्याला भावाकडे गेली होती. मी बँकेतून आलो, भिजलेला, लोकलमध्ये पाऊण तास लोंबकळून. दार उघडलं तर आईच्या सतरंजीवर हे एवढं तळं. निळ्या पट्ट्यांची, तीच. चिंगी सोफ्याखाली, कान पाडून, पांढरे डोळे करून बघतेय. विन्या, माझा हात आपोआप गेला. मानगुटीला धरून ओढली, नाक त्या ओल्यावर टेकवलं आणि तोंडातून शब्दन्‌शब्द अण्णांचं वाक्य आलं, लहानपणी चाळीतल्या आपल्या कुत्र्याला, खंडूला, ते म्हणायचे ते. "हुंग! काय केलंस ते हुंग!" सूरसुद्धा तोच. तिनं हू की चू केलं नाही. माझ्या हातात होती तशीच पुन्हा मुतली, थेंबथेंब.

त्या दिवसापासून बाल्कनीत नेली की ती नुसती उभी राहते. अर्धा तास. मी 'कर गं बाई' म्हणतोय, ती माझ्या तोंडाकडे बघतेय. आत आणली, माझी पाठ वळली की गायब. कुठे जाते ते दोन दिवस कळलंच नाही. शेवटी वासानं पत्ता दिला. फ्रिजच्या मागे, मोटारीच्या उबेला. फ्रिज ओढला तर खाली पिवळट वाळलेले डाग, एकावर एक, पाच-सहा तरी. मी बादलीभर फिनेल ओतलं, त्याबद्दल डॉक्टरीणबाईंची बोलणी खाल्ली. ते पायाला लागतं, ती चाटते, विषारी असतं. आणि आपल्या नाकाला वास गेला असं वाटलं तरी तिच्या नाकाला तो तिथेच असतो, जागा पक्की होते. एन्झाइमचं एक औषध मिळतं, ते ओतून मुरू द्यायचं. असो, ते आणलं.

पण खरं बोलल्या त्या पुढे. माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. मंगळवारचं मी चाचरत सांगितलं, तर म्हणाल्या, "काका, तिनं काय शिकलं माहितीये? घरात करायची नाही, हे नाही. माणसासमोर करायची नाही, हे. आता ती लपूनच करणार."

विन्या, पिंपामागे.

गॅलरीच्या टोकाच्या त्या पिंपामागे खंडू जायचा, आणि सगळी चाळ म्हणायची, बघा कसला लबाड, चोरून करतो. लबाडी कसली! त्याला आम्हीच तिकडे पाठवलं. अण्णा नाक घासायचे आणि पट्टा कोण धरायचा, तर मी. तू एकदा माझा हात पिरगाळला होतास ते सोडवायला. अजून ते मनगट थंडीत दुखतं असं मी माधवीला सांगतो, पण ते खोटं आहे.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. इराला फोनवर म्हटलं, अगं पण तिला चूक कळते, चेहराच सांगतो. तर तिनं एका अभ्यासाची लिंक पाठवली. अलेक्झांड्रा होरोवित्झ नावाच्या बाईंनी 2009 साली केलेला. चौदा कुत्री, चौदा मालक. खाऊ समोर ठेवायचा, नाही म्हणायचं आणि मालकानं बाहेर जायचं. परत आल्यावर त्याला सांगायचं की खाल्ला म्हणून, कधी खरं, कधी खोटं. अपराधी चेहरा कुणाचा दिसला? ज्याला ओरडा बसला त्याचा. खाल्लेला असो वा नसो. उलट ज्यांनी खाल्ला नव्हता आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचाच चेहरा जास्त पडला.

मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत हे वाचलं आणि डबा तसाच बंद केला.

1983 ची दिवाळी. जोशीकाकूंची रांगोळी, मोर. अर्धा मोर वाहून गेला होता आणि जिन्यापाशी खंडू कान पाडून बसला होता. पुरावा तेवढाच! तू घसा फोडून ओरडत होतास, हे याचं नाही, एवढं एकदम कुत्रं करू शकत नाही, वास घेऊन बघा. आणि मी, सगळ्यांच्या पुढे होऊन, म्हणालो, "तोंड बघा ना त्याचं." माझ्याच वाक्यावर निकाल लागला. मग अण्णांनी टॅक्सी थांबवली. खंडूला माझगावला सोडलं, ते तुला सांगायला नको.

सुट्टी संपेपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. मला वाटायचं तू फाजील हट्टी आहेस. आहेसच, पण त्या वेळी नव्हतास. अण्णांना दोष देऊन मोकळा होणार होतो. मग वाटलं, त्यांना तरी कोणी सांगितलं होतं? पण मला तू सांगत होतास की.

आता काळजी ही की चिंगीचं मी कायमचं वाटोळं केलं का. डॉक्टरीणबाई म्हणतात नाही, लहान आहे, दोन-तीन आठवडे धीर धरा. घरात भलतीकडे केलं तर काही बोलायचं नाही, गुपचूप पुसायचं. मागाहून ओरडलं तर तिला कशाबद्दल ते कळतच नाही. आणि जागेवर केलं की त्याच क्षणी पनीरचा तुकडा. पण पूर्ण झाल्यावर, मध्येच शाबासकी दिली तर अर्ध्यावर थांबते. आणि तिच्याकडे बघत उभं राहायचं नाही. पाठ करून बसा, काहीतरी वाचा, म्हणाल्या. माधवी म्हणाली, वाचायला बसलास की झोपशील, त्यापेक्षा विनयला पत्र लिही, चार महिने लिहीन लिहीन करतोयस.

म्हणून हे पत्र. रात्री पावणेतीन वाजता, प्लास्टिकच्या स्टुलावर, वॉशिंग मशीनच्या झाकणावर कागद ठेवून, खिशात पनीर. बाहेर धो धो. ती मागे आहे. पेपर हुंगतेय, पान करकरतंय. आता गोल फिरतेय. मी वळत नाहीये.

वळलो नाही. आवाज आला, कागदावरचा. बराच वेळ चालू होता. थांबल्यावर मी मनात पाच मोजले आणि मग तुकडा दिला. बोट चावली थोडं. आता माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपलीये, त्यामुळे उठता येत नाही, म्हणून अजून चार ओळी.

काकू चालायला लागल्या का? फिजिओ सोडू देऊ नकोस. चिन्मयचं पुण्याचं कळलं, छान झालं. तुझ्या निवृत्तीच्या अर्जाचं काय ते मला मुळीच पटलेलं नाही, त्यावर वेगळं भांडू. गणपतीत ये. सतरंजी धुऊन ठेवलीये.

तुझा,
सुध्या

ता. क. रांगोळीवर पाणी कोणी सांडलं ते मला माहीत आहे पण सांगणार नाही, असं तू त्या दिवशी म्हणाला होतास. बंडू होता ना? आता तरी सांग.